जन्मतारीख येते कुठून? नोव्हेंबरमध्ये जन्मलेल्या काही स्त्रियांच्या निमित्ताने

आमच्या नोएडातल्या महाविद्यालयात दर महिन्याला विभागाच्या फलकावर त्या महिन्यात जन्मलेल्या कर्तृत्ववान स्त्रियांची चित्रे लावतात. नोव्हेंबरचा फलक नेहमीच भरगच्च असतो. मेरी क्युरी आणि लीझ माइटनर (दोघी ७ नोव्हेंबर), वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल (४ नोव्हेंबर १८९७), डॉ. रखमाबाई (२२ नोव्हेंबर १८६४), आणि १९ तारखेला दोघी: झाशीच्या राणी लक्ष्मीबाई व इंदिरा गांधी. दिल्लीत १९ नोव्हेंबरला शक्तिस्थळावर लोक जातात आणि राणी झाशी मार्गावरून रोजच्यासारखी वाहने जातात. दोघींचा दिवस एकच, हे इथे शाळकरी मुलांनाही पाठ असते.

एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, राणीचे साल एका पुस्तकात १८२८ आहे, दुसऱ्यात १८३५. दिवस मात्र दोन्हीकडे १९ नोव्हेंबरच. असे कसे?” प्रश्न चांगला होता. हे टिपण त्यातूनच झाले.

आधी हा फरक किती मोठा आहे ते पाहू. गंगाधररावांशी लग्न झाले १८४२ मध्ये. १८२८ धरले तर नवरी तेरा वर्षांची, १८३५ धरले तर सहा वर्षांची. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला राणी पडली ती एकोणतिसाव्या वर्षी की बाविसाव्या? बाविसाव्या वर्षी म्हणजे आपल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनींएवढीच. हे सात वर्षांचे अंतर तिच्याविषयीचे आपले चित्रच बदलून टाकते.

आता तिथी. मोरोपंत तांब्यांच्या घरी वाराणसीत मुलगी झाली, तेव्हा इंग्रजी तारीख कोण लिहिणार? घरात लक्षात राहते ती तिथी. १८३५ मानणारे ती कार्तिक वद्य चतुर्दशी, शके १७५७ अशी देतात. ही तिथी आपल्याला तपासता येते आणि त्यासाठी पंचांगकर्त्याकडे जायची गरज नाही. दोन अमावास्यांमधले सरासरी अंतर २९.५३०५८८ दिवस. ६ जानेवारी २००० रोजी अमावास्या होती. तिथून मागे २० नोव्हेंबर १८३५ पर्यंत ५९,९४७ दिवस होतात. भागून पाहा: २०३०.०० येतात. म्हणजे २० नोव्हेंबर १८३५ ला अमावास्या, आणि आदल्या दिवशी, १९ ला, वद्य चतुर्दशी. (त्या अमावास्येला खग्रास सूर्यग्रहणही झाले होते.) तिथी आणि तारीख चपखल जुळतात.

हेच गणित १९ नोव्हेंबर १८२८ साठी करा. ६२,५०४ दिवस, भागाकार २११६.५९. पूर्णांक आला नाही. मागची अमावास्या होऊन बारा दिवस झालेले, म्हणजे शुद्ध पक्षातली बारस-तेरस. चतुर्दशीही नाही आणि वद्य पक्षही नाही. त्या वर्षीची कार्तिक वद्य चतुर्दशी हवी असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावे लागते. मग राणी आमच्या नोव्हेंबरच्या फलकावर बसतच नाही!

यावरून १८३५ सिद्ध झाले का? नाही, आणि इथे घाई करू नका. कोणी तरी तिथीवरून तारीख काढली असेल तर ती जुळणारच. आपण फक्त त्याचे रूपांतर बरोबर होते एवढे तपासले, मूळ तिथी खरी की नाही हे तपासले नाही. पण एक गोष्ट हाती लागते. ‘१९ नोव्हेंबर’ हा दिवस या तिथीवरून आला असेल, तर तो १८३५ चाच आहे. ‘१९ नोव्हेंबर १८२८’ ही जोडणी म्हणजे एका हिशेबाचा दिवस आणि दुसऱ्या हिशेबाचे साल, असे मला वाटते. मोठे साल पटणाऱ्यांनी साल बदलले आणि तारीख तशीच ठेवली असावी.

हा घोळ केवळ आपल्याकडचा नाही. मेरी क्युरीचा जन्म वॉर्साचा, आणि वॉर्सावर रशियाचे राज्य होते. रशियाच्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस २६ ऑक्टोबर १८६७. माइटनरचे तर आणखी गमतीचे. व्हिएन्नातल्या ज्यू समाजाच्या जन्मनोंदीत १७ नोव्हेंबर १८७८ आहे, पण ती स्वतः आयुष्यभर ७ तारीखच लावत आली.

रखमाबाईंच्या बाबतीत वय हा कुतूहलाचा विषय नव्हता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये दावा लावला. न्या. पिन्ही यांनी पुढच्या वर्षी तो फेटाळला. अजाण वयात, संमतीशिवाय झालेल्या लग्नावरून प्रौढ स्त्रीला जबरदस्तीने नांदायला लावता येणार नाही, असा त्यांचा रोख होता. १८८७ मध्ये मात्र निकाल उलटला: नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला वैद्यकी शिकल्या आणि सुरत व राजकोटला त्यांनी स्त्रियांवर उपचार केले. १८९१ च्या कायद्याने संमतीवय दहावरून बारा झाले, त्यामागच्या वादात हा खटला सतत पुढे येत होता. ‘मुलगी तेव्हा किती वर्षांची होती’ या प्रश्नाला त्या काळी एवढी किंमत होती, आणि बहुतेक घरांत त्याचे लेखी उत्तर नव्हते.

नंतरही फार काळ नव्हते. महाराष्ट्रात मागच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर १ जून ही तारीख दिसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. माझ्या आईचीही तीच आहे. खरा दिवस विचारला की ती सांगते, “नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.” साल आठवत नाही.

स्वाध्याय: घरातल्या सर्वांत वयस्कर स्त्रीला जन्माची तिथी, सण किंवा पावसापाण्याची आठवण विचारा. साल ठाऊक असेल तर वरच्या पद्धतीने तारीख काढा आणि आधारकार्डावरच्या तारखेशी ताडून पाहा. सरासरी महिना वापरल्यामुळे उत्तरात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तो लिहून ठेवा. आमच्या फलकावर राणीच्या चित्राखाली या वर्षीपासून ‘कार्तिक वद्य १४’ असे लिहिले आहे. सालाच्या जागी विद्यार्थिनींनी दोन्ही आकडे ठेवले, आणि मध्ये प्रश्नचिन्ह.