सहावं पाणी



१८९९ सालचा कार्तिक महिना. कोल्हापूरचे शाहू महाराज पंचगंगेवर पहाटेच्या स्नानाला जायचे. एक दिवस सोबत राजारामशास्त्री भागवत होते. राजा पाण्यात उतरला, भटजी मंत्र म्हणू लागला. शास्त्रीबुवांच्या कानाला खटकलं. भटजी वेदातले मंत्र म्हणतच नव्हता, पुराणातले म्हणत होता. का रे बाबा? तर म्हणे, शूद्राला वेदोक्त चालत नाही. आणि पुराणोक्त म्हणायला आधी अंघोळ केलेली असली पाहिजे असंही नाही, म्हणून भटजी स्वतः पारोसाच उभा होता, असं सांगतात. राज्य राजाचं, घाट राजाचा, दक्षिणा राजाची. आणि राजाच शूद्र!

इथनं वेदोक्त प्रकरण पेटलं. राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला, महाराजांनी त्यांचं वतन काढून घेतलं, टिळक राजोपाध्यांच्या बाजूनं उभे राहिले. हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण आपण हा इतिहास आपल्या बाजूनं वाचतो का? त्या पहाटे घाटावर आपलं कोण होतं? कोणी नव्हतं. राजाचं भांडण मंत्र कुठला यावर होतं. आपला पाणवठा मात्र गावोगाव नदीच्या खालच्या अंगाला होता. वरचं पाणी वापरून झालं की खाली येईल ते आपलं. मंत्राच्या वादात आपण धरलेलोच नव्हतो.

आणि गंमत बघा. त्याच पंचगंगेच्या काठाला ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातलं भरभराटीचं गाव निघालं. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, कोल्हापुरातच एका स्तूपातला धातुकरंडक सापडला होता. त्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्या बम्हाचं आणि ते घडवून घेणाऱ्या धम्मगुत्ताचं नाव कोरलेलं होतं. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याची लेणी आहेत ती वेगळीच. म्हणजे ज्या शहरात राजाच्या अंघोळीला कुठला मंत्र यावर रण माजलं, त्याच शहराच्या मातीत बुद्धाचं उत्तर दोन हजार वर्षं पडून होतं.

काय होतं ते उत्तर?

पहिलं उत्तर एका बाईनं दिलेलं आहे. तिचं नाव पुण्णिका. अनाथपिंडिकाच्या घरची ती दासी, काम पाणी भरण्याचं. पुढं ती भिक्खुणी झाली, आणि तिची गाथा थेरीगाथेत आहे. कडाक्याच्या थंडीत ती नदीवर पाणी भरायला जायची, मालकाच्या भीतीनं. तिथं एक ब्राह्मण कुडकुडत पाण्यात उभा असलेला तिला दिसला. तिनं विचारलं, मी भीतीपोटी पाण्यात उतरते, तुम्ही कुणाच्या भीतीनं उतरता? तो म्हणाला, पाप धुवायला. ती म्हणाली, असं असेल तर बेडूक, कासवं, पाणसाप आणि मगरी सगळे आधी स्वर्गात गेले असतील. आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तुमच्यापाशी उरणार काय? ब्राह्मण गप झाला, आणि शेवटी बुद्धाला शरण गेला. पाणक्या बाईनं वेदपारंगताला निरुत्तर केलं! कोल्हापूरच्या घाटावर १८९९ साली पुण्णिका असती, तर वेदोक्त की पुराणोक्त हा प्रश्न तिनं दोन वाक्यांत निकालात काढला असता.

दुसरं उत्तर खुद्द बुद्धाचं आहे, आणि ते मंत्राबद्दलच आहे. संगारव नावाचा ब्राह्मण बुद्धाकडं आला. त्याची अडचण अशी की कधी कधी वर्षानुवर्षं घोकलेले मंत्रसुद्धा ऐन वेळी आठवत नाहीत, आणि कधी न घोकलेलेही लख्ख आठवतात. हे असं का? बुद्धानं मंत्र बरोबर की चूक, वेदातला की पुराणातला, यात हातच घातला नाही. त्यानं पाण्याच्या भांड्याची गोष्ट सांगितली. चांगली नजर असलेला माणूस भांड्यातल्या पाण्यात आपलं तोंड बघायला जातो. पण पाण्यात रंग कालवलेला असेल, तर तोंड दिसत नाही. पाणी चुलीवर खळखळत असेल, तर दिसत नाही. वर शेवाळ आणि पाणवनस्पती साचलेल्या असतील, तर दिसत नाही. वाऱ्यानं लाटा उठत असतील, तर दिसत नाही. आणि पाणी गढूळ असून भांडं अंधारात ठेवलेलं असेल, तरी दिसत नाही. रंग म्हणजे हाव. उकळी म्हणजे द्वेष. शेवाळ म्हणजे सुस्ती. वारा म्हणजे चंचलपणा आणि मनाची रुखरुख. अंधारातला गाळ म्हणजे डळमळ. यालाच पंच नीवरणं म्हणतात. नीवरण म्हणजे आडवं येणारं, झाकून टाकणारं.

आता ही यादी बोटांवर मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. कोणाचा तरी हात लागलेलं पाणी हे सहावं पाणी या यादीत आहे का? नाही. रंगानं पाणी बिघडतं, उकळीनं बिघडतं, शेवाळानं बिघडतं. माणसाच्या शिवण्यानं बिघडत नाही. आनंद भिक्खूनं चांडाळाच्या पोरीकडं पाणी मागितलं. तिनं आपली जात सांगितली, तर त्यानं जातीशी मला काय करायचंय, मला पाणी पाहिजे, या अर्थाचं उत्तर दिलं. बुद्धाच्या वाटेवर पाण्याचा हिशोब असा आहे. सहावं पाणी मनुस्मृतीवाल्यांनी काढलं. मळ त्यांच्या मनात होता, आणि तो आमच्या हाताला चिकटवला.

कोल्हापुरात हे सहावं पाणी कसं चालायचं त्याचा दाखला गंगाराम कांबळेंचा. महाराजांच्या पागेत ते नोकरीला होते. पागेतल्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगारामांनी गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी मारणाऱ्यांना फटके दिले. पण राजाला एक गोष्ट कळली असावी. फटक्यानं हात थांबतो, मनातला मळ तसाच राहतो. महाराजांनी गंगारामांना नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करायला सांगितलं. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांचं चहाचं हॉटेल निघालं. गिऱ्हाईक कोण येणार? महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवायचे, आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. आज एक कप, उद्या एक कप. १८९९ साली आपल्या अंगावर कुठला मंत्र पडतो यासाठी भांडलेला राजा वीस वर्षांत महाराच्या हातचा चहा भर रस्त्यात पिण्यापर्यंत आला. १९१९ साली संस्थानातले सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करायचे हुकूम निघाले. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावला परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. त्या परिषदेत महाराजांनी आपल्या लोकांना सांगितलं, तुम्हाला तुमचा पुढारी सापडला.

पुढचा मुक्काम महाड. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. नंतर सवर्णांनी तळं शुद्ध केलं. कशानं? शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी पाण्यात ओतून. नीट विचार करा. स्वच्छ पाण्यात शेण ओतायचं आणि पाणी शुद्ध झालं म्हणायचं! भांड्यात बघणाऱ्याचं मन किती गढूळ होतं याचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही. हा तळ्याचा दावा कोर्टात दहा वर्षं चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूनं लागला.

इथं कोणी शहाणा म्हणेल, बघा, शेवटी सगळं मनावर आहे, मग मोर्चे कशाला, मन शुद्ध करा. दोस्तहो, या भजनी मंडळींपासून सांभाळा. हौदावर पहारा बसवणारेच आपल्याला मनःशांती शिकवतात. बाबासाहेबांनी आधी तळं घेतलं, मग धम्म दिला. १९२७ पासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मधे एकोणतीस वर्षं गेली. तळं मोकळं करणं आणि मन मोकळं करणं ही एकाच लढाईची दोन टोकं आहेत. दुसरे आपल्यातलेच काही म्हणतात, मनाबिनाचं म्हाताऱ्यांनी विहारात बसून बघावं, आपण फकस्त लढायचं. तेही चूक. महाडला परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, माणसं रक्तबंबाळ झाली, पोरं बदला घ्यायला उठली. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. राग त्यांना नव्हता का? होता. पण उकळत्या पाण्यात तोंड दिसत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी आपण काठ्या चालवल्या असत्या, तर दहा वर्षांनी कोर्टानं कुणाचं ऐकलं असतं?

तेव्हा आता भांडं आपल्यापुढं ठेवू. दुसऱ्याचं तोंड बघायला नव्हे, आपलं बघायला.

पहिलं रंगाचं पाणी. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचं पाणी पंचगंगेत उतरलेलं आपण बघितलंय. तसं पदाचं, हाराचं, तिकिटाचं, फलकावरच्या फोटोचं पाणी आपल्या चळवळीत उतरतं. मग ज्यानं त्यानं त्यात बघावं, त्याला स्वतःचं तोंड पुढाऱ्याच्या रंगाचं दिसतं.

दुसरं उकळीचं. गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना बघितलाय ना? अन्यायाचा राग पाहिजेच. पण तोच राग शेजारच्या गटातल्या भावावर उतू जायला लागला, की दुश्मन बाजूला राहतो.

तिसरं शेवाळाचं. रंकाळ्यावर केंदाळ पसरलं की वरून हिरवंगार, खाली पाणी घुसमटलेलं. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला जागं व्हायचं, मधे वर्षभर झोपायचं, हे आपलं केंदाळ.

चौथं वाऱ्याचं. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष निघाला, आणि त्याचे किती तुकडे झाले ते मोजायला बोटं पुरत नाहीत. १९७२ साली पँथर निघाली. तिच्या डरकाळीनं महाराष्ट्र हादरला, आणि १९७७ साली ती बरखास्त झाली. सरकारनं, पैशानं, पोलिसांनी फोडलं हे खरं. पण वारा आत शिरायला भोक आपल्याच भिंतीला होतं.

पाचवं अंधारातल्या गाळाचं. २०१९ चा महापूर ज्यांनी घरात बघितला त्यांना गाळ म्हणजे काय ते सांगायला नको. प्रश्न विचारणं म्हणजे ही डळमळ नव्हे. प्रश्न विचारायला बुद्धानंच शिकवलं. डळमळ म्हणजे विहारात बावीस प्रतिज्ञा घ्यायच्या आणि पोरीच्या लग्नाला गुपचूप मुहूर्त काढायचा.

आणि आता सहावं पाणी. ते बुद्धाच्या यादीत नाही, पण आपल्या घरात आहे का? छातीवर हात ठेवून सांगा. महारवाड्यातल्या किती म्हाताऱ्या मांगवाड्यातलं पाणी घेत नव्हत्या? ढोराच्या, चांभाराच्या घरी किती जण पाणी प्यायचं टाळत होते? बौद्ध झाल्यावर ते सगळं गेलं म्हणतो आपण. मग पोरीनं मातंगाच्या पोराशी लग्न ठरवलं की घर का पेटतं? आणि अजून एक. ज्या घरात बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसते, माठाला हात लावत नाही, त्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. फोटोखाली माठ, आणि माठाला शिवायचं नाही! हा महाडचाच पहारा झाला. फरक एवढाच की इथं पहारेकरी आपण आहोत.

हे एका दिवसात धुऊन निघत नाही. इथनं जवळ हुपरी आहे, चांदीकामाचं गाव. चांदीतला मळ सोनार कसा काढतो, तसा शहाण्यानं मनातला मळ थोडा थोडा, क्षणाक्षणानं काढावा असं धम्मपदात आहे. लोखंडाचा गंज लोखंडातूनच निघतो आणि लोखंडालाच खातो, असंही तिथंच आहे. बाहेरचा कोणी येऊन आपल्याला खाईल त्याच्या आधी आपलाच गंज खातो.

म्हणून पुढच्या बैठकीला एक करू. ठराव नको, भाषण नको. मधे पाण्याची घागर ठेवू. घागर मातंगवस्तीतनं भरून आणू, ती भरायला कुठल्या बाईवर हुकूम सोडायचा नाही, आपण पोरांनी भरायची. एकेकानं पाणी प्यायचं आणि सांगायचं, या महिन्यात माझ्या भांड्यात पाचांपैकी कुठलं पाणी होतं. आणि ज्याच्या घरच्या माठाजवळ अजून पहारा आहे, त्यानं तो आधी उठवायचा आणि मगच बैठकीला यायचं.