वऱ्हाडचा ताबा आणि औरंगाबादची छावणी

आजच्या छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेतील, छावणी हा भाग इंग्रजांच्या लष्करी तळातून वाढला. तळ निजामाच्या मुलखात, तिथली फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही व्यवस्था होती. ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या या फौजेची ठाणी औरंगाबाद, जालना, अंबाजोगाई, हिंगोली अशी मराठवाडाभर पसरलेली होती. तिच्या पगाराची बाकी थकत गेली आणि निजामाच्या डोक्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे कर्ज चढले. २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसीने तह करून घेतला. त्यानुसार किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने कायम ठेवायचे ठरले. त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभाराखाली गेले.

जून १८५७ मध्ये याच फौजेच्या औरंगाबादेतील घोडदळाने बंड केले. पुण्याकडून निघालेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने ते मोडून काढले आणि बंडवाल्यांना देहांत शिक्षा झाल्या. हैदराबादचा दरबार मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचे बक्षीस १८६० च्या तहात मिळाले: धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड तेवढा सुटला नाही. उलट, खर्च वजा जाता उरेल ती शिल्लक निजामाला द्यायची, पण जमाखर्चाचा हिशेब दाखवायचे बंधन इंग्रजांवर नाही, असे कलम त्यात आले. पुढच्या साऱ्या वादाचे मूळ या कलमात आहे. मुलूख निजामाचा आणि हिशेब मागण्याचा हक्क मात्र कुणालाच नाही, हा करार न्यायाचा म्हणता येत नाही.

त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव चढवला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचे मोल वाढले. मुंबई–नागपूर रेल्वे वऱ्हाडातून गेली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. औरंगाबादच्या प्रवाशाला मात्र पुढची तीस वर्षे नांदगाव स्टेशनावर उतरून टांगा किंवा बैलगाडी धरावी लागे. मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज मार्ग शहरात पोचला तो १९०० च्या सुमारास.

हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी वऱ्हाड सोडवण्याचा नेट धरला. फौजेच्या खर्चापुरते भांडवल ठेव म्हणून देतो, तारण म्हणून घेतलेला मुलूख परत करा, अशी त्यांची रोकडी मागणी होती. तेव्हा लंडनमध्ये डिझरायलीचे हुजूर पक्षाचे सरकार होते आणि भारतमंत्री होते लॉर्ड सॅलिसबरी. १८७६ मध्ये सालारजंग स्वतः निघाले. वाटेत पॅरिसमध्ये जिन्यावरून पडून त्यांचा पाय जायबंदी झाला, तरी ते लंडनला पोचले. तिथे मेजवान्या झाल्या, ऑक्सफर्डने मानद पदवी दिली, पण वऱ्हाड मिळाला नाही. निजाम महबूब अली खान अज्ञान आहेत, तोवर हा प्रश्न काढता येत नाही, असे उत्तर १८७८ मध्ये आले. पैसे रोख मिळत असूनही मुलूख सोडायचा नाही, यावरून फौजेचा खर्च हे निमित्त उरले होते, हे उघड आहे. १८८३ मध्ये सालारजंग वारले. पुढे उदारमतवाद्यांची सरकारे आली, त्यांनीही वऱ्हाड सोडला नाही.

शेवटचा घाव १९०२ मध्ये बसला. लंडनमध्ये पुन्हा हुजूर पक्ष होता, आधी सॅलिसबरी व जुलैपासून बाल्फोर, आणि व्हाइसरॉय त्याच पक्षाचा लॉर्ड कर्झन. दुष्काळाने राज्य कर्जात बुडालेले असताना कर्झनने हैदराबादला जाऊन निजामाशी समक्ष बोलणी केली. नोव्हेंबरच्या करारात वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. ज्या फौजेसाठी तो घेतला होता, ती १९०३ मध्ये हिंदी लष्करात मिसळून टाकली गेली. तिच्या घोडदळातून विसावे डेक्कन हॉर्स झाले. कारण संपले, मुलूख राहिला. त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांतांच्या कारभाराला जोडला गेला.

१९२५ मध्ये निजाम उस्मान अली खान यांनी वऱ्हाडची मागणी पुन्हा मांडली. आता पंतप्रधान बाल्डविन आणि भारतमंत्री बर्कनहेड होते. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय रीडिंगने कळवले की, हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाही. रीडिंग स्वतः उदारमतवादी होता, पण या पत्रामागे लंडनचे सरकार उभे होते. तहाच्या कलमांवर विसंबलेल्या प्रत्येक संस्थानाला त्याचा धसका बसला. १९३६ च्या करारात वऱ्हाडवरील निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले, वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, २५ लाख चालू राहिले. कारभार मात्र इंग्रजांचाच होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १८५३ नंतर प्रथमच औरंगाबाद व अमरावती एका सरकारखाली नांदू लागले.