म्हसावदला कान घेऊन जा

साल १९७१, मे महिना. तुम्ही शहादा तालुक्यातल्या म्हसावदला एसटीतून उतरता. ऊन असं की चपलेच्या तळव्यातून जमीन भाजते. उत्तरेला सातपुड्याची रांग धुरकट दिसते, दक्षिणेला तापीच्या खोऱ्याची काळी, कसदार जमीन पसरली आहे. या जमिनीत राबणारे हात बहुतेक भिल्लांचे. सातबाऱ्यावरचं नाव मात्र अनेक ठिकाणी दुसऱ्याचं. सावकाराच्या कर्जात जमीन गेली, आणि कालपर्यंतचा मालक आज त्याच शेतात सालदार झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं, उचल घेतली जाते आणि ती फिटेस्तोवर पुढची आखाजी येते.

या प्रवासात तुमच्याजवळ कोणतंही यंत्र नाही. फक्त कान आहेत.

आज गावात पाटीलवाडीचीच कुजबूज आहे. २ मे रोजी याच परिसरात जमीनमालकांच्या जमावाने आदिवासींवर हल्ला केला, गोळीबार झाला, एक आदिवासी मारला गेला. तुम्ही एका झोपडीपाशी थांबता. एक म्हातारी सांगते आहे. मध्येच थांबते, पाणी पिते, परत सुरुवातीपासून सांगायला लागते. तिची भाषा भिली आहे, तुम्हाला अर्धीच कळते. पण कुठे तिचा आवाज चढतो आणि कोणत्या नावापाशी तो तुटतो, ते पूर्ण कळतं.

आता पोलीस ठाण्याच्या ओट्यावर या. इथे जबाब लिहिला जातो. सांगणाऱ्याची भाषा भिली, लिहिणाऱ्याची सरकारी मराठी. घडाघडा सांगितलेलं दुःख ‘सबब’ आणि ‘सदर इसम’ यांच्या साच्यात बसतं. शेवटी अंगठा. कागद खोटा असतोच असं नाही, पण त्यात ती म्हातारी नसते. उद्या इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती मात्र तोच कागद पडणार आहे.

पुढे सरका. ३० जानेवारी १९७२, शहादा. भूमुक्ती मेळावा. पायी आणि बैलगाडीने हजारोंच्या संख्येनं आदिवासी आले आहेत. अंबरसिंग सुरतवंती इथे आहेत. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणतात, कारण ते भजनं गातात. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत गेलेल्या जमिनीचा हिशेब ते भजनाच्या चालीतून पोचवतात. तुम्ही गर्दीत उभे आहात, शेजारचा माणूस टाळीवर ताल धरतो आहे. नीट ऐका. १९७४ मध्ये अंबरसिंग जाणार आहेत. त्यांच्याविषयी पुढे पुष्कळ लिहिलं जाईल. पण भाषणाआधी ते घसा कसा साफ करायचे, भजनातून सवालावर कसे यायचे, हे लिहून कळत नाही.

मेळाव्याच्याच वर्षी, १९७२ मध्ये, श्रमिक संघटना उभी राहते. आयआयटीतून इंजिनिअर झालेले कुमार शिराळकर शहाद्यात येऊन इथलेच होतात. दीनानाथ मनोहर येतात. इथल्या भिल्लांमधूनच वाहरू सोनवणे पुढे येतात. दुष्काळाची वर्षं आहेत. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या मजुरीसाठी मोर्चे निघतात. बायका शिबिरात बसतात, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यांविषयी पहिल्यांदा चारचौघांत बोलतात आणि मग गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडतात. त्या मडक्यांचा आवाज, त्यावरचं बायकांचं हसणं आणि आरोळ्या तुमच्या कानांत भरून राहतात.

वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची कविता आहे. आमचं दुःख आम्हालाच दुसरे व्यासपीठावरून सांगतात, ही तिच्यातली वेदना. चळवळीच्या आतून आलेल्या माणसाने चळवळीलाच विचारलेला तो प्रश्न आहे: आमच्या तोंडून कधी ऐकणार?

आता चाळीस वर्षं मागे जा. धुळे, १९३२. म्हसावद तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात आहे आणि धुळे हे त्या जिल्ह्याचं ठिकाण. तुम्ही धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांच्या रांगेत मांडी घालून बसला आहात. तारीख २१ फेब्रुवारी, रविवार. विनोबा गीतेवर बोलू लागतात. १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं होतील. थोड्या अंतरावर साने गुरुजी भराभरा लिहीत आहेत. यंत्र नाही, पण बोलण्याची लय कानात धरून कागदावर उतरवणारा माणूस आहे. म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या घरात आहेत.

मान जरा वळवा. याच भिंतींच्या आत साधे कैदीही आहेत. कुणी जंगलातलं लाकूड तोडलं, कुणी सावकाराशी भांडला. त्यांच्याजवळ साने गुरुजी नाहीत. कैद्याचा क्रमांक, गुन्हा, शिक्षा एवढंच त्यांचं लेखन. कैद्याच्या हक्कांची पहिली पायरी इथेच आहे: त्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत कुठेतरी राहिलं पाहिजे.

ते राहिलं तर काय होतं, ते पाहायला दूर जा. प्रिटोरिया, २० एप्रिल १९६४. रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेला आरोपीच्या पिंजऱ्यातून सुमारे तीन तास बोलतात. न्यायालयातलं कामकाज डिक्टाबेल्ट नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कोरलं जातं. आधीच कैदेत असलेल्या मंडेलांना त्यानंतर जन्मठेप होते आणि ते १९९० मध्ये बाहेर येतात. या काळात दक्षिण आफ्रिकेत त्यांचे शब्द छापायलाही बंदी होती. पण पट्ट्या राहिल्या. ते ध्वनिमुद्रण फ्रान्समध्ये तंत्रज्ञांनी डिजिटल केलं आणि पुन्हा मायदेशी दिलं. ज्या सरकारने माणूस कोंडला, त्याच्याच न्यायालयाने त्याचा आवाज जपून ठेवला.

आता परत या, सातपुड्यात. यावेळी म्हसावदच्या पलीकडे, डोंगर ओलांडून नर्मदेकाठी. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार आहेत, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी चिंचखेडीजवळ पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे हा कोवळा मुलगा मारला गेला. धरणाला विरोध करणाऱ्या सत्याग्रहींना अटक झाली, लाठ्या बसल्या. धुळ्याच्या तुरुंगाची दारं पुन्हा उघडली आणि बंद झाली.

काही वर्षांनी निमगव्हाणच्या केशवभाऊ वसावे यांच्यासमोर एक बाई बसल्या आहेत. नंदिनी ओझा. त्या स्वतः नर्मदा बचाव आंदोलनाच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. आता त्या घोषणा देत नाहीत, ऐकतात. मध्ये रेकॉर्डर चालू आहे. केशवभाऊ आंदोलनाआधीच्या जंगलापासून सुरुवात करतात. सर्व्हेवाले कसे आले, पहिली सभा कशी झाली, कुठे चुकलं, कुठे फाटाफूट झाली. बाजूला कोंबडं आरवतं, कुणीतरी मुलाला हाक मारतं. तेही ध्वनिमुद्रित होतं. तेही साक्षच आहे, कारण पाण्याखाली गेलेलं गाव असंच बोलत होतं.

केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या या कथनातून ‘लढा नर्मदेचा’ हे पुस्तक झालं. नदीकाठच्या इतरांचीही ध्वनिमुद्रणं ओझांनी वेगवेगळ्या भाषांत केली. महाराष्ट्रात असं काम आधीही झालं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यातल्या हजारो ओव्या त्यांच्याच गळ्यातून ध्वनिमुद्रित झाल्या. मुंबईच्या ‘स्पॅरो’ या संस्थेने १९८८ पासून स्त्रियांचे आवाज जपले. या कामांनी एक गोष्ट सिद्ध केली: निरक्षर माणूस इतिहासाचा विषय नाही, तो इतिहास सांगणारा आहे.

आता आजच्या म्हसावदला या. कुमार शिराळकर २ ऑक्टोबर २०२२ रोजी गेले. भूमुक्ती मेळाव्यात जे विशीत होते त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. ज्या बायकांनी मडकी फोडली त्या आता नातवंडांच्या घरात ओट्यावर बसतात. या लढ्यावर पुस्तकं आहेत, कादंबऱ्या आहेत, परदेशी अभ्यासकांचे लेख आहेत. पण ज्यांनी तो लढला, त्यांतले बहुतेक लिहिणारे नव्हते, बोलणारे होते. त्यांच्याबरोबर त्यांचं बोलणंही जाईल, आणि मागे जबाबाचे कागद उरतील.

आज रेकॉर्डर तुमच्या खिशात आहे. तर बसा त्यांच्यापाशी. आधी विचारा, ध्वनिमुद्रण केलं तर चालेल का. काय उघड करायचं आणि काय झाकून ठेवायचं, हे त्यांना ठरवू द्या, कारण जुन्या खटल्यांची आणि वैरांची किंमत त्यांनाच मोजावी लागते. भिली, पावरी, अहिराणी, ज्या भाषेत त्यांना दुःख सांगता येतं त्याच भाषेत बोलू द्या. मध्ये तोडू नका. ते थांबले तर तुम्हीही थांबा. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवा. एक प्रत त्यांच्या घरी द्या, एक स्वतःकडे ठेवा, एक जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्या. शहाद्या-नंदुरबारच्या महाविद्यालयांनी या ध्वनिमुद्रणांसाठी एक कपाट आणि एक जबाबदार माणूस द्यावा, एवढी मागणी आपण सगळ्यांनी लावून धरू.

पाटीलवाडीची साक्ष एकदा परक्या भाषेत, अंगठ्याखाली लिहिली गेली. दुसऱ्यांदा ती सांगणाऱ्यांच्याच आवाजात राहावी, ही जबाबदारी आता आपली आहे. यासाठी सरकारी योजनेची वाट पाहू नका. येत्या सुट्टीत जा.