आवाज आला कुठून?

सप्टेंबर २०२२मध्ये लातूर जिल्ह्यातील हासोरी गावात जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले. त्याआधी, २००६नंतरची काही वर्षे, नांदेड शहरानेही असेच आवाज ऐकले होते. ३० सप्टेंबर १९९३चा किल्लारीचा भूकंप ज्यांना आठवतो, त्यांची अशा गडगडाटाने झोप उडणे साहजिकच. हा आवाज नेमका कुठून येतो, हे मात्र कानांना सांगता येत नाही. एरवी सायकलची घंटी कोणत्या बाजूला वाजली हे चटकन ओळखणारे कान इथे का हरतात?

याची उकल एका जुन्या करमणुकीपासून सुरू होते. १८८१च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने ध्वनिग्राहक ठेवले आणि श्रोत्याच्या दोन कानांना दोन वेगळ्या ध्वनिग्राहकांचे आवाज टेलिफोनने पोहोचवले. गायक कोणीकडे सरकला, हे दूरच्या श्रोत्यांना कळू लागले. १९०७मध्ये लॉर्ड रॅले यांनी यामागचे तत्त्व स्पष्ट केले. उजवीकडचा आवाज डाव्या कानी किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा! उंच स्वरांच्या बाबतीत डोक्याची 'सावली'ही पडते. म्हणजेच दिशा मेंदू काढतो, तीही दोन कानांची तुलना करून.

समोरचा आणि पाठीमागचा आवाज मात्र दोन्ही कानी एकदमच येतो. तिथे बाह्यकर्णाच्या वळ्या उपयोगी पडतात. दिशेनुसार त्या आवाजाचा पोत थोडा बदलतात. १९३३च्या शिकागो प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेने 'ऑस्कर' हा पुतळा मांडला. त्याच्या कानांजवळच्या ध्वनिग्राहकांतून लोकांनी त्याच्या भोवतालचे आवाज ऐकले.

आज मुले खेळासाठी वापरतात त्या बिनतारी हेडफोनच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. खोक्यावर सात दिशांच्या आवाजाची जाहिरात असली, तरी आत बहुधा दोनच ध्वनिक्षेपक असतात. प्रत्येक दिशेचा विलंब, सावली आणि वळ्यांची छाप आवाजात गणिताने मिसळली जाते. काही हेडफोन मान वळवली की हे गणित लगेच बदलतात. गणित सरासरी कानावर बेतलेले असल्याने हा आभास सर्वांना सारखा पटत नाही. बिनतारी जोडणीत होणारा उशीर दोन्ही कानांना सारखाच असला तर दिशा बिघडत नाही. चित्र आणि आवाज यांचा मेळ मात्र चुकतो.

आता जमिनीकडे वळू. भूगर्भातला गडगडाट खर्जातला असतो. ३० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ११ मीटर, त्यामुळे डोक्याची सावली पडतच नाही. शिवाय फरशी, भिंती, छप्पर सारेच एकदम थरथरते. आवाज चहूबाजूंनी वेढतो, पण दिशेची खूण देत नाही.

मग 'कान' दूरदूर ठेवावे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नांदेडमध्ये भूकंपमापकांनी नोंदी घेतल्या. लहरी कुठे आधी आणि कुठे नंतर पोहोचल्या यावरून केंद्र ठरते. ते धक्के सूक्ष्म आणि उथळ निघाले.

वर्गात एवढे करून पहा. मीटरभर रबरी नळीची दोन टोके विद्यार्थ्याच्या कानांशी धरा, नळी पाठीमागे ठेवा आणि मध्याच्या थोडे बाजूला पेन्सिलीने टिचकी मारा. दोन-तीन सेंटिमीटर सरकताच तो बाजू सांगेल. केवळ अंदाजाने बाजू सांगणे आणि फरक मोजून सांगणे यांतले अंतर तिथेच समजावता येईल.