रक्तदाब आणि मूत्रपिंड : धोक्याच्या खुणा वेळीच ओळखा

रक्तदाब एकाएकी अतिशय वाढणे आणि मूत्रपिंडांचे कार्य अचानक मंदावणे, या दोन अवस्था पुष्कळदा जोडीने येतात. वाढलेल्या दाबाने मूत्रपिंडातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. दुखावलेले मूत्रपिंड मीठ व पाणी साठवून दाब आणखी वाढवते. हे दुष्टचक्र काही तासांत जिवावर बेतू शकते.

आकडा आणि लक्षणे

रक्तदाब १८०/१२० किंवा त्याहून अधिक आढळल्यास रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून तो पुन्हा मोजावा. आकडा तेवढाच, पण त्रास काहीच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मात्र तीव्र डोकेदुखी, अंधूक दिसणे, छातीत दुखणे, धाप, अडखळते बोलणे, हातापायांतील शक्ती जाणे, भ्रम वा झटके यांपैकी एक जरी लक्षण असले, तरी विलंब न लावता रुग्णालय गाठावे. गर्भवतीचा रक्तदाब १६०/११० असला, तरी तातडीचे उपचार आवश्यक ठरतात.

प्रौढ व्यक्तीला २४ तासांत ४०० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होणे, चेहऱ्यावर व पायांवर सूज, मळमळ आणि गुंगी या मूत्रपिंडाच्या खुणा होत. जुलाब-उलट्या, गंभीर जंतुसंसर्ग, लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, सर्पदंश आणि वेदनाशामक गोळ्यांचा अनिर्बंध वापर ही त्यामागची नेहमीची कारणे.

काय टाळावे

रक्तदाब झटपट उतरावा म्हणून जिभेखाली गोळी देऊ नये. दाब एकदम कोसळल्यास मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा खंडित होऊ शकतो. लघवी होत नाही म्हणून शहाळ्याचे पाणी पाजणेही घातक ठरू शकते. त्यातील पोटॅशियम रक्तात साचून हृदयाची लय बिघडते. जुलाबांमध्ये मात्र सुरुवातीपासूनच जलसंजीवनी द्यावी. मूत्रपिंडे वाचवण्याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे.

रुग्णालयातील उपचार

बहुतेक रुग्णांचा रक्तदाब शिरेतून औषधे देऊन पहिल्या तासात फार तर २५ टक्क्यांनी उतरवला जातो. रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून गरजेनुसार डायलिसिस केले जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाअंतर्गत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ही सेवा विनामूल्य मिळते.

अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध आहे. रुग्णासोबत त्याच्या चालू औषधांची यादी आणि शेवटची लघवी केव्हा झाली, ही नोंद अवश्य न्यावी. वेळीच उपचार मिळाल्यास बंद पडत चाललेली मूत्रपिंडे अनेकदा पूर्ववत काम करू लागतात.