दिनविशेष : १२ मार्च १९११ — ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर

मुंबईच्या रिपन थिएटरात किर्लोस्कर नाटक मंडळीने कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग केला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी दगावली होती. तरीही त्यांनी प्रयोग होऊ दिला.

या नाटकाचे मोठेपण टेंब्यांच्या चालींत आहे. ते नामवंत हार्मोनियमवादक होते. मैफलीत रंगणाऱ्या बंदिशी, ठुमऱ्या, दादरे यांचा बाज त्यांनी मराठी पदांत उतरवला आणि प्रत्येक चाल पात्राच्या स्वभावाला जुळवून बसवली. भामिनीचा लटका राग ठुमरीच्या लडिवाळ वळणांतून उमटतो, धैर्यधराची ऐट ठाशीव स्वरांतून. ज्यांनी कधी मैफलीची पायरी चढली नव्हती, त्यांच्या कानांवरही या पदांमुळे राग रुळले.

चालीही अशा बांधलेल्या, की गाणाऱ्याला त्यांत आपली भर घालता यावी. पुढे मास्टर दीनानाथांनी धैर्यधराची पदे आपल्या आक्रमक, तानांनी भरलेल्या ढंगात गायली आणि ती नव्याने गाजली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’च्या प्रयोगात बालगंधर्व आणि गायक-नट केशवराव भोसले एकत्र उभे राहिले.

आजही गायनाच्या स्पर्धांत ही पदे हमखास ऐकू येतात. मुलांनाही ती एकदा नीट ऐकवावीत. गाताना आणि ऐकताना टेंब्यांचे नाव आवर्जून घ्यावे. चाल बांधणाऱ्याचा तो मान आहे.