प्रतिप्रवाह नियंत्रण, हिरवळ-सिंचनातील

प्रतिप्रवाह नियंत्रण, हिरवळ-सिंचनातील : सार्वजनिक नळयोजनेतून घराच्या आवारात आलेले पाणी काही कारणाने उलट दिशेने वाहून पुन्हा मुख्य नळात शिरणे, यास प्रतिप्रवाह म्हणतात. तो रोखण्यासाठी योजलेल्या यांत्रिक व कायदेशीर उपायांस प्रतिप्रवाह नियंत्रण अशी संज्ञा आहे. घरापुढील हिरवळीला पाणी देणाऱ्या तुषार-सिंचन योजनेच्या संदर्भात या विषयाचा विकास मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथील अनेक राज्यांत व शहरांत अशा योजनेवर प्रतिप्रवाह-रोधक बसविणे सक्तीचे असून, पुष्कळ ठिकाणी त्याची दरवर्षी प्रमाणित तपासनिसाकडून चाचणी करून घ्यावी लागते. हिरवळीच्या पाण्यासाठी एवढा खटाटोप का, हा प्रश्न तेथील घरमालकांनाही पडत आलेला आहे. त्याचे उत्तर या नियमांच्या इतिहासात सापडते.

प्रतिप्रवाह दोन कारणांनी उद्‌भवतो. मुख्य नळ फुटला किंवा आगीच्या बंबांनी एकदम पुष्कळ पाणी ओढून घेतले, तर नळातील दाब वातावरणीय दाबापेक्षाही कमी होतो आणि जोडलेल्या नळांतील पाणी वक्रनलिकेतल्याप्रमाणे मागे खेचले जाते. पूर्ण निर्वात झाल्यास वातावरणीय दाब पाण्याचा सु. १०.३ मी. उंचीचा स्तंभ उचलून धरू शकतो; त्यामुळे अंशतः निर्वातही जमिनीलगतच्या तोटीतील पाणी ओढण्यास पुरेसा असतो. दुसरे कारण म्हणजे आवारातील दाब मुख्य नळातील दाबाहून अधिक होणे. पंप लावला असता किंवा बाग टेकडीवर असता असे घडते. पाण्याच्या उंचीत १० मी. फरक असला, की दर चौ. सेंमी.वर सु. १ किग्रॅ. दाब निर्माण होतो.

हिरवळ-सिंचनाची तोटी जमिनीच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली असते. तिच्याभोवती साचणाऱ्या पाण्यात खते, कीटकनाशके आणि कुत्र्यामांजरांची विष्ठा मिसळलेली असते. घरातल्या मोरीच्या तोटीखाली निदान मोकळी हवा असते. येथे तीही नसते. पिण्याच्या पाण्याच्या नळाचे एक टोक मातीत उघडे ठेवावे, अशीच ही रचना आहे.

आंतरजोडणीच्या, म्हणजे पिण्याचे पाणी व दूषित पाणी यांच्या नळांचा कोठेतरी संबंध राहण्याच्या, धोक्याकडे अमेरिकेतील सामान्य जनतेचे लक्ष वेधले गेले ते शिकागो येथील १९३३ च्या साथीमुळे. त्या वर्षी शहरात ‘प्रगतीचे शतक’ हे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्यानिमित्त आलेले अनेक प्रवासी दोन शेजारच्या हॉटेलांत उतरले होते. त्यांच्यात अमीबाजन्य आमांशाची साथ पसरून सु. १,४०० लोक आजारी पडले व ९८ मृत्युमुखी पडले. या रोगाचा परिपाककाल काही आठवड्यांचा असल्याने बहुतेक रोगी आपापल्या गावी परतल्यावर आजारी झाले. कित्येकांचे निदान आंत्रपुच्छशोथ असे चुकीचे होऊन त्यांच्यावर शस्त्रक्रियाही झाल्या. जुन्या नळयोजनेतील आंतरजोडण्या आणि मैला वाहून नेणारे गळके नळ ही साथीची कारणे चौकशीत आढळली. प्रदर्शनाचे पहिले सत्र संपत येईपर्यंत ही वार्ता लोकांपर्यंत पोहोचली नव्हती आणि या विलंबाबद्दल आरोग्याधिकाऱ्यांवर झालेली टीका अनाठायी म्हणता येणार नाही. १९४४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आंतरजोडणी नियंत्रणाच्या संशोधनासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. रोधकांच्या परीक्षणाच्या ज्या पद्धती त्याने ठरविल्या, त्या पुढे इतर राज्यांतही आधारभूत मानल्या गेल्या.

याच काळात हिरवळ-सिंचनाचा प्रसार होत होता. कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथील ऑर्टन एंगलहार्ट यांनी १९३३ मध्ये आघाती तुषारक तयार केला व १९३५ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांची वाढ झाली, तसतशी घरोघरी जमिनीखाली नळ टाकून तुषारतोट्या बसविण्याची प्रथा रूढ झाली. शिकागोचा धडा मात्र हॉटेले, रुग्णालये व कारखाने यांच्यापुरताच मानला जात होता. एका क्रीडांगणाने हा समज खोटा ठरविला.

मॅसॅचूसेट्‌स राज्यातील वूस्टर येथील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात १९६९ च्या सप्टेंबरअखेरीस काविळीचे रोगी आढळू लागले. तपासणीत संघातील ९७ खेळाडू व प्रशिक्षक यांपैकी ९० जणांना संसर्गजन्य यकृतशोथाची बाधा झाल्याचे अनुमान निघाले. हंगामातील दोन सामने खेळून झाले होते, उरलेले आठ रद्द करावे लागले. मात्र नंतर सरावास आलेले नवे विद्यार्थी निरोगी राहिले. त्यावरून बाधा ऑगस्टच्या अखेरीस व एकाच वेळी झाली असावी, असा तर्क करण्यात आला. खाद्यपदार्थांवरील संशय दूर झाल्यावर चौकशीचा रोख सरावाच्या मैदानाजवळील पिण्याच्या तोटीकडे वळला.

या तोटीला पाणी पुरविणारा नळ मैदानाच्या सिंचनासाठी जमिनीत पुरलेल्या पेट्यांमधून पुढे जात होता. या पेट्यांत पाणी साचत असे. जवळच्या एका घरातील मुले मैदानावर येऊन त्या पाण्यात खेळत आणि त्या घरातील काही मुलांना त्याच सुमारास यकृतशोथ झालेला होता. लहान मुलांत हा रोग सहसा सौम्य असतो, कित्येकदा ध्यानातही येत नाही; प्रौढ वयात मात्र तो अंथरुणाला खिळवितो. २९ ऑगस्ट रोजी शहरात आग लागली आणि ती विझविण्यासाठी बंबांनी पाणी ओढल्याने त्या भागातील नळांचा दाब एकाएकी उतरला. पेट्यांतील दूषित पाणी नळात खेचले गेले व दाब पूर्ववत होताच पुढे ढकलले जाऊन तोटीवाटे बाहेर पडले. उन्हात सराव करणाऱ्या तहानलेल्या खेळाडूंनी ते प्यायले. चौकशीचा सविस्तर वृत्तांत १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी या रोगाचा विषाणू ओळखला गेलेला नव्हता; परंतु खेळाडूंचा रक्तरस गोठवून जपून ठेवलेला असल्याने १९८५ मध्ये त्याची पुन्हा तपासणी झाली व तो यकृतशोथ-अ हाच होता, हे सिद्ध झाले.

या प्रकरणात कोणताही नळ मैल्याला जोडलेला नव्हता, कोणी नियम मोडून जोडणी केली नव्हती. सिंचनाची साधी व्यवस्था आणि दूरवर लागलेली आग यांचा योग आला, एवढेच. त्यामुळेच हिरवळ-सिंचनाच्या नियमांचे समर्थन करताना या घटनेचा उल्लेख वारंवार केला जातो.

हिरवळ-सिंचनासाठी चार प्रकारचे रोधक प्रचलित आहेत. सर्वांत साधा वातावरणीय निर्वात-भंजक होय. दाब उतरताच त्यातील तरंगणारी चकती खाली पडून हवा आत येते व ओढ तुटते. तो सर्वांत उंच तुषारतोटीपेक्षा निदान १५ सेंमी. वर बसवावा लागतो. सतत दाबाखाली राहिल्यास चकती चिकटते, म्हणून त्याच्या पुढे झडप चालत नाही. दाबयुक्त निर्वात-भंजकात स्प्रिंग असते आणि तो निदान ३० सेंमी. उंच असावा लागतो. हे दोन्ही केवळ खेचले जाणारे पाणी रोखतात, पंपाच्या उलट दाबापुढे ते निरुपयोगी ठरतात. दुहेरी रोधझडप दोन्ही प्रकारांत काम देते. परंतु ती गळू लागल्यास बाहेरून काहीच कळत नाही. न्यूनदाब-कक्षाच्या रोधकात दोन झडपांमध्ये एक कक्ष असतो व त्यातील दाब मुद्दाम कमी राखलेला असतो. झडप निकामी झाल्यास कक्षातील पाणी तिसऱ्या झडपेतून जमिनीवर सांडते. दोष झाकण्याऐवजी दाखविणारे हे एकमेव साधन होय व म्हणूनच रासायनिक खत नळातूनच देणाऱ्या योजनांवर तेच बसवावे लागते.

वार्षिक चाचणीचे प्रयोजन यातूनच स्पष्ट होते. स्प्रिंग सैल होते, रबरी बैठकीवर वाळूचा कण अडकतो, हिवाळ्यात राहिलेले पाणी गोठून पितळी कवच फुटते; तरीही हिरवळीला पाणी नेहमीप्रमाणे मिळतच राहते आणि मालकाला शंका येण्याचे कारण उरत नाही. तपासनीस साधनावरील छोट्या तपासणी-तोट्यांना दाबांतील फरक मोजणारा मापक जोडतो. दुहेरी रोधझडपेतील प्रत्येक झडपेने दर चौ. सेंमी.वर निदान ०.०७ किग्रॅ. दाबाचा फरक पेलला पाहिजे. न्यूनदाब-कक्षाची सांडझडप हा फरक ०.१४ किग्रॅ.पर्यंत घसरण्यापूर्वी उघडली पाहिजे. चाचणीस फारसा वेळ लागत नाही. वातावरणीय निर्वात-भंजकाला मात्र तपासणी-तोट्याच नसतात; त्यामुळे त्याची अशी चाचणी होऊ शकत नाही.

१९७४ च्या सुरक्षित पेयजल अधिनियमाने पाण्याच्या गुणवत्तेची राष्ट्रीय मानके ठरविण्याचा अधिकार केंद्र शासनास दिला. घरगुती रोधकांच्या चाचणीचा प्रश्न मात्र राज्यांकडे व पाणीपुरवठा संस्थांकडेच राहिला. परिणामी नियमांत मोठी तफावत आढळते. टेक्सस राज्याच्या नियमांनुसार रसायने नळातून न सोडणारी व आवारातील मैलाकुंडाशी संबंध नसलेली घरगुती योजना आरोग्यास धोकादायक मानली जात नाही. तिची चाचणी बसविताना केली तरी राज्याच्या दृष्टीने पुरते. शहरे याहून कडक नियम करू शकतात. कॅलिफोर्नियात १९८७ चे नियम दीर्घकाळ लागू होते. त्यांच्या जागी १ जुलै २०२४ पासून आंतरजोडणी नियंत्रणाची नवी नियमपुस्तिका अंमलात आली.

चाचणीचा खर्च मालकाला सोसावा लागतो, तर तिचा लाभ होतो शेजाऱ्यांना. या विषयावरील तक्रारींचे मूळ येथे आहे. एका घराच्या बागेतून रोग पसरण्याची शक्यता अल्प आहे, हा मालकांचा युक्तिवाद खोटा नाही. संयुक्त संस्थानांच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये केलेल्या संकलनात १९७० ते २००१ या काळातील प्रतिप्रवाहाच्या ४५९ घटना व त्यांपासून उद्‌भवलेले सु. १२,००० आजार नोंदलेले आहेत. एवढ्या मोठ्या देशाच्या मानाने हा आकडा लहान वाटतो. परंतु दाब उतरल्याची घटना काही मिनिटांची असते, दूषित पाणी वाहून जाते आणि जुलाब झालेला मनुष्य शेजारच्या हिरवळीला दोष देत नाही. नोंदलेल्या घटनांवरून धोका मोजणे म्हणूनच फसवे ठरते. होली क्रॉसचा उलगडा झाला, तोही शंभरेक माणसे एका तोटीचे पाणी पीत होती व एकदम आजारी पडली म्हणून.

भारतीय शहरांत प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांप्रमाणे जेथे पाणी दिवसातून ठराविक तासच सोडले जाते, तेथे मुख्य नळ वारंवार रिकामे होतात. अमेरिकेत आगीच्या प्रसंगी जे घडते, ते येथे नित्याचेच असते. त्यात घरोघरी नळाला विजेचा पंप लावून पाणी खेचण्याची प्रथा भर घालते. गटारालगतच्या गळक्या जोडण्यांतून सांडपाणी आत येण्यास तेवढी ओढ पुरते. गच्चीवरील टाकीत पाणी सोडणारी तोटी टाकीतील पाण्याच्या उच्चतम पातळीच्या वर राखणे, हा वायु-अंतराचा उपाय येथे सर्वांत स्वस्त व खात्रीचा आहे. हे अंतर तोटीच्या व्यासाच्या दुप्पट व निदान २५ मिमी. असावे लागते. त्यात स्प्रिंग वा रबर नसल्याने त्याला वार्षिक चाचणीसाठी मापक लागत नाही. ते कोणी बुजविलेले नाही ना, एवढे पाहिले म्हणजे झाले.